वऱ्हाडातील पेढी आणि तिचे वारस

आपल्या वडीलधाऱ्यांनी बांधलेल्या धर्मशाळा, खोदलेल्या विहिरी व विद्यार्थ्यांस दिलेले साहाय्य यांचे वर्णन अशा स्मरणिकांतून आपण आदराने वाचतो. परंतु ज्या पेढ्यांच्या उत्पन्नातून ही कार्ये घडली, त्या कोणाच्या नावे होत्या, त्यांचा हिशेब कोण पाहत असे आणि कर्त्या पुरुषामागे त्या कोणाकडे गेल्या, याचा विचार क्वचितच होतो. चांदूर बाजारसारख्या, नावातच बाजार असलेल्या गावी तरी तो व्हावयास हवा. कापूस, धान्य, कापड व संत्री यांच्या व्यापारावर ज्यांची घरे उभी राहिली, त्यांना या इतिहासापासून शिकण्याजोगे पुष्कळ आहे.

जुन्या पेढीचा पाया म्हणजे मिताक्षरा होय. चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या कारकीर्दीत विज्ञानेश्वराने रचलेल्या या ग्रंथाप्रमाणे वडिलोपार्जित मालमत्तेत पुत्राचा हक्क जन्मतःच उत्पन्न होतो. त्यामुळे कर्ता निवर्तला तरी पेढी मोडत नसे. गादीवर दुसरा पुरुष बसे आणि हुंडी पूर्वीच्याच नावावर वटे. ही व्यवस्था मोठ्या पतीची होती यात शंका नाही. परंतु तिच्यात दोन उणिवा होत्या. कोणाचा वाटा किती हे वाटणी होईपर्यंत अनिश्चित राही, आणि घरातील स्त्रियांच्या वाट्यास बहुधा पोटगीच येई.

इ.स. 1853 च्या तहाने वऱ्हाड इंग्रजी कारभाराखाली आले. 1861 ते 1865 या काळातील अमेरिकेतील यादवी युद्धामुळे येथील कापसास अपूर्व मागणी आली, व 1867 साली लोहमार्ग नागपुरास पोहोचला. पैसा वाढला तसे तंटेही वाढले. म्हणूनच 1886 साली कारंजा येथे हैदराबाद रेसिडेंटच्या हुकुमाने कापसाचा नियंत्रित बाजार स्थापन झाला, आणि 1897 साली वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा स्वतंत्र कायदा झाला. बाजारावर देखरेख ठेवण्यासाठी समिती आली. देशातील नियंत्रित बाजारपेठांचा आरंभ वऱ्हाडात झाला, ही आपणांस अभिमानाची गोष्ट आहे. तथापि येथेच एक विसंगतीही दिसते. बाजाराच्या आवारात नियमाने वागणारा व्यापारी घरी आला की सर्व व्यवहार तोंडी ठेवी. रोजकीर्द व खतावणी चोख. पण भावाभावांचे नाते कागदावर कोठेच नाही!

सरकारने मात्र हे नाते कायद्याच्या चौकटीत आणले. 1922 च्या आयकर कायद्याने हिंदू अविभक्त कुटुंब हा कर आकारणीचा स्वतंत्र घटक मानला. 1932 च्या भागीदारी कायद्याने एकत्र कुटुंबाचा धंदा व कराराने निर्माण झालेली भागीदारी यांत स्पष्ट भेद केला. कराराविरुद्ध अट नसेल तर भागीदाराच्या मृत्यूने भागीदारी संपुष्टात येते, आणि नोंदणी नसलेल्या भागीदारी संस्थेस आपल्या कराराचे पैसे परक्याकडून वसूल करण्यासाठी दावा लावता येत नाही. 1965 साली सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. भागीदार दोनच असतील तर एकाच्या मृत्यूनंतर भागीदारी उरतच नाही. करारातील वारस घेण्याची अटही तिला वाचवू शकत नाही. बाप व एक मुलगा अशा भागीदाऱ्या आपल्याकडे कमी नाहीत. त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

महाराष्ट्रात याच काळात किर्लोस्करांनी निराळा मार्ग धरला. 1888 साली बेळगावी सायकलींच्या दुकानापासून निघालेला हा उद्योग 1910 साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडीस स्थिरावला व 1920 साली मर्यादित कंपनी झाला. माणसे गेली तरी संस्था राहावी, हा कंपनीचा मोठा गुण होय. परंतु तेवढ्याने घर सांभाळले जातेच असे नाही. 2009 साली या कुटुंबात लेखी समझोता झाला, आणि पुढे त्याच लेखाच्या अर्थावरून प्रकरण न्यायालयात गेले. 2021 साली सर्वोच्च न्यायालयाने मध्यस्थीने तडजोड शोधण्याचा सल्ला दिला. तात्पर्य, लेख असावा; आणि मतभेद झाल्यास तो कोणी व कसा मिटवावा हेही त्याच लेखात असावे.

आता सर्वांत नाजूक विषयाकडे वळू. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने कन्येस पित्याच्या हिश्शात वाटा दिला. महाराष्ट्राने 1994 साली व केंद्राने 2005 साली तिला जन्मतःच सहदायाद मानले, आणि 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की 2005 साली पिता हयात नसला तरी हा हक्क बाधित होत नाही. असे असता आजही काही घरांत भाऊबीजेच्या ओवाळणीमागून बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवले जाते, आणि संकोचाने ती सही करते. हे धर्मास धरून नाही, व शहाणपणाचेही नाही. बहिणीला वाटा दिल्यास पेढी मोडेल, ही भीती बव्हंशी निराधार होय. मृत्युपत्राशिवाय धंद्यातील हिस्सा प्रथम वर्गाच्या अनेक वारसांकडे गेला व त्यांपैकी एकाने तो विकावयाचे ठरविले, तर इतर वारसांस तो प्रथम विकत घेण्याचा हक्क त्याच 1956 च्या कायद्याच्या कलम 22 ने दिलेला आहे. योग्य मोल द्यावे व पेढी अखंड ठेवावी, असा राजमार्ग असता आडमार्ग कशासाठी?

आणखी एक भ्रम दूर व्हावयास हवा. पित्याच्या स्वकष्टार्जित मालमत्तेतून वारसाने मिळालेला वाटा मुलाची व्यक्तिगत मालमत्ता ठरतो, एकत्र कुटुंबाची नव्हे, असे 1986 साली सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. तसेच 31 डिसेंबर 1978 नंतरची अंशतः वाटणी आयकर खाते मानत नाही. एकट्या मालकाचे दुकान असल्यास त्याच्या निधनानंतर त्याच्याच वस्तू व सेवा कर क्रमांकावर व्यापार चालू ठेवता येत नाही. वारसाने स्वतःची नोंदणी करावी लागते. दुःखाच्या दिवसांत या गोष्टी सुचत नाहीत. म्हणून त्या आधीच टिपून ठेवाव्यात.

असो. आमची ज्ञातिबांधवांस व भगिनींस विनंती एवढीच की, प्रत्येक घराने पुढील दिवाळीच्या वहीपूजनापूर्वी चार कामे उरकावीत. धंदा कोणत्या स्वरूपाचा आहे ते निश्चित करून भागीदारीपत्र नोंदवावे. कर्त्याने दोन साक्षीदारांसमक्ष मृत्युपत्र करावे. वर्षातून एकदा मुली व सुना यांच्यासह सर्व प्रौढांपुढे ताळेबंद वाचावा. आणि घरच्या देण्याघेण्याची वही दुकानाच्या वहीपासून वेगळी ठेवावी. आपल्या पूर्वजांनी बाजाराच्या आवारात जी शिस्त मानली, तीच घराच्या उंबऱ्याआत आणली म्हणजे पुष्कळसे तंटे उद्भवण्यापूर्वीच मिटतील.