खण, बेत आणि गाठ : चोळीची बांधणी

जळगाव-धुळे परिसरात सुवासिनीची ओटी भरताना खण आजही आवर्जून दिला जातो. मात्र ज्या वस्त्रासाठी हा खण विणला जाई, ती पुढे गाठ मारण्याची चोळी आता प्रामुख्याने वयोवृद्ध स्त्रियांच्याच अंगावर दिसते. ओटीतला खण बहुधा न शिवताच एका घरातून दुसऱ्या घरात फिरत राहतो.

‘चोल’ व ‘कूर्पासक’ हे अंगाला बेताने बसणाऱ्या वस्त्राचे जुने संस्कृत शब्द. अहिराणीत ‘ळ’चा ‘य’ होतो, त्यामुळे चोळीची ‘चोयी’ होते.

बांधणी

चोळीला बटण नसते, हूकही नसतो. पाठ, बाह्या आणि पुढचे दोन भाग वेगवेगळे बेतून जोडले जातात. छातीचा गोलावा टक्स न घालता, तुकड्यांच्या तिरप्या जोडणीने साधला जातो. काखेत बसवलेल्या लहान तुकड्यामुळे हात वर केला तरी चोळी ओढली जात नाही. शेतात राबणाऱ्या स्त्रीसाठी ही सोय मोलाची होती. पुढची दोन टोके छातीखाली गाठीने बांधली जातात. गाठ सैल-घट्ट करता येत असल्याने गरोदरपणात आणि अंगावर पाजतानाही तीच चोळी चालते.

कापड

खणासाठी कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यातले गुळेदगुड्ड प्रसिद्ध असून, तेथील खणाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. पारंपरिक खणात ताणा रेशमाचा, तर बाणा सुताचा असतो. रेशमामुळे कापडाला झळाळी येते, सुतामुळे ते टिकते व घाम शोषते. दोन्ही बाजूंचे काठ बाह्यांच्या कडेला येतील अशा रीतीने चोळी बेतली जाते.

जळगाव जिल्ह्यातील चाळीसगाव, जामनेर या तालुक्यांतील तांड्यांवर बंजारा स्त्रियांची कांचळी आढळते. तिची पाठ उघडी असते आणि ती मागे बंदांनी बांधली जाते. पुढचा भाग भरतकामाने व आरशांनी भरलेला असल्याने कापड जाड होते.

कॉर्सेटशी तुलना

नाडीने आवळण्याच्या युरोपीय कॉर्सेटशी कांचळीच्या बंदांचे वरवर साम्य आहे. तत्त्व मात्र निराळे. कॉर्सेटच्या दुहेरी कापडात देवमाशाच्या तोंडातील शिंगासारख्या लवचिक पदार्थाच्या आणि पुढे पोलादाच्या पट्ट्या घातल्या जात. एकोणिसाव्या शतकात नाडीच्या छिद्रांना धातूच्या कड्या बसू लागल्या. त्यामुळे कापड न फाटता कंबर अधिक आवळणे शक्य झाले. अमेरिकेत १९१४ मध्ये मेरी फेल्प्स जेकब यांना ब्रेसियरचे पेटंट मिळाले आणि पहिल्या महायुद्धानंतर ताठ कॉर्सेट मागे पडले. कॉर्सेट देहाला वस्त्राच्या घाटात बसवी. चोळी देहाच्या मापाने बेतली जाई.

विसाव्या शतकात पोलके आणि हूकचे ब्लाऊज रूढ झाले. खणाचे कापड आज साड्या, पर्स, तोरणे यांतून पुन्हा लोकप्रिय झाले आहे. म्हणजे कापड टिकले. विरत चालला आहे तो बेत. ही चोळी बेतणाऱ्या हातांकडे बहुधा कागदी नमुना नसतो. नमुन्यादाखल अंगावरची जुनी चोळीच समोर ठेवली जाते. घरातील पेटीत अशी एखादी चोळी असेल, तर ती उसवून टाकण्यापूर्वी तिचे तुकडे मोजून कागदावर उतरवून ठेवणे अगत्याचे आहे.