रांग कशाची आहे?

काही वर्षांपूर्वी एका रात्री आमचा लिनक्स सर्व्हर रखडायला लागला. प्रोसेसर 4 आणि लोड अ‍ॅव्हरेज 30च्या वर. मी लगेच सहकाऱ्याला फोन करून सुनावलं, ‘तुझ्या नव्या कोडने सगळा सीपीयू खाल्ला.’ सकाळी कळलं, सीपीयू जवळपास रिकामा होता. अडकली होती ती डिस्क. मी माफी मागितली, पण प्रश्न उरलाच: मग तो 30चा आकडा मोजत काय होता?

उत्तर शोधत मी 1973पर्यंत मागे गेलो. त्या वर्षी आर्पानेटवरच्या टेनेक्स सिस्टीमचे लोड अ‍ॅव्हरेज आरएफसी 546मध्ये प्रसिद्ध झाले. एकाच यंत्रावर अनेक जण काम करायचे, तो काळ. व्याख्या सरळ होती: ठरावीक काळात सरासरी किती प्रोसेस चालू आहेत किंवा प्रोसेसर मिळण्याची वाट बघताहेत. डिस्कसाठी थांबलेल्या प्रोसेस त्यात धरत नसत.

पुढे लिनक्सनेही 1, 5 आणि 15 मिनिटांचे तीन आकडे दाखवायला सुरुवात केली. त्यात ताज्या नोंदींचं वजन जास्त असतं, जुन्यांचं हळूहळू कमी होत जातं.

ऑक्टोबर 1993मध्ये माथियास उर्लिक्स यांनी एक छोटासा पॅच पाठवला. वेगवान स्वॅप डिस्क काढून संथ डिस्क लावली तर मशीन मंदावतं, पण लोड उलट कमी दिसतो, हे त्यांना खटकत होतं. तेव्हापासून लिनक्स डिस्कसाठी अडून बसलेल्या प्रोसेसही मोजतं. आकड्याचं नाव तेच राहिलं, अर्थ बदलला. हा बदल का झाला, ते बहुतेकांच्या विस्मरणात गेलं. 2017मध्ये ब्रेंडन ग्रेग यांनी जुन्या मेल धुंडाळून तो पॅच शोधून काढला.

2018च्या अखेरीस आलेल्या लिनक्स 4.20मध्ये फेसबुकच्या इंजिनिअरांनी तयार केलेलं पीएसआय हे नवं मोजमाप आलं. सीपीयू, मेमरी आणि डिस्क यांच्यापैकी कशासाठी कामं किती टक्के वेळ खोळंबली, ते यात वेगवेगळं कळतं. तुमच्या हातातल्या अँड्रॉइड फोनमध्ये मेमरी कमी पडली की मागचं कुठलं तरी अ‍ॅप गुपचूप बंद होतं. अँड्रॉइड 10पासून ही वेळ ओळखायला पीएसआयचा उपयोग होतो.

लोडचा आकडा आजही चढतो. मी आधी रांग कशाची आहे ते बघतो. फोन त्यानंतर.