डॉज सिटीचा हरवलेला फलक

अमेरिकेतील कॅन्सस राज्यात डॉज सिटी नावाचे गाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात टेक्सासहून गुरांचे प्रचंड कळप हाकीत गुराखी येथील रेल्वेपर्यंत येत, गुरे विकली की हातात पडलेला पैसा मद्यालयात उधळीत. 1878 च्या सुमारास टिपलेले या गावच्या हमरस्त्याचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. धुळीचा रुंद रस्ता, लाकडी दुकाने आणि समोरच उभारलेला एक फलक: गावात बंदूक बाळगण्यास सक्त मनाई आहे. त्याच फलकावर एका औषधी काढ्याची जाहिरातही रंगविलेली आहे. कायदा आणि काढा एकाच फळीवर! हे छायाचित्र प्रथम पाहिले तेव्हा आम्हांला नवल वाटले. कारण आमच्या मनातील डॉज सिटी अगदी निराळे होते.

ते डॉज सिटी होते 'गनस्मोक' या मालिकेचे. 10 सप्टेंबर 1955 रोजी सुरू झालेली ही मालिका 31 मार्च 1975 पर्यंत चालली. तिचे 635 भाग झाले, आणि 1957 ते 1961 या काळात सलग चार हंगाम ती अमेरिकेतील सर्वाधिक पाहिली जाणारी मालिका होती. भागाच्या आरंभी मार्शल मॅट डिलन भर रस्त्यात उभा राही, समोरचा माणूस पिस्तूल उपसी आणि धूर उठे. मालिका उथळ होती असे मात्र म्हणता येणार नाही. पहिल्याच भागात मार्शल स्वतः गोळी लागून कोसळतो. गोळीने काय होते ते वृद्ध डॉक्टरच्या खोलीत वारंवार दिसे. तथापि पुरुषाच्या कमरेला पिस्तूल असणे हे डोक्यावर टोपी असण्याइतके स्वाभाविक मानलेले होते. एखाद्या कथेत शस्त्रे काढून घेण्याचा प्रसंग आला असला, तरी प्रेक्षकांच्या स्मरणात राहिले ते रस्त्यातले द्वंद्वच. तपशिलाची फिकीर कोणाला होती? 'द रायफलमन' या मालिकेचा नायक 1880 च्या दशकात जी रायफल चालवितो, ती विंचेस्टर मुळी 1892 साली निघाली!

वास्तव काय होते? 1873 साली विचिटा गावाच्या वेशीवर पाहुण्यांना सूचना होती, की रिव्हॉल्व्हर पोलीस कचेरीत ठेवून बिल्ला घ्यावा. रॉबर्ट डिक्स्ट्रा या इतिहासकाराने 1968 साली प्रसिद्ध केलेल्या 'द कॅटल टाउन्स' या ग्रंथात गुरांच्या व्यापाराची पाच गावे तपासली. 1870 ते 1885 या काळात पाचांत मिळून त्याला 45 मनुष्यवध आढळले. दूरचित्रवाणीवरच्या गावाला हा आकडा गाठण्यास किती आठवडे लागत असतील, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

याहून विलक्षण आहे ॲरिझोनातील टूमस्टोन गावची कथा. 1881 च्या एप्रिलमध्ये तेथील नगरसभेने गावात घातक शस्त्रे बाळगण्यास बंदी घातली. 26 ऑक्टोबरच्या सकाळी आइक क्लँटन हा इसम शस्त्रांनिशी फिरताना सापडला. त्याला न्यायासनापुढे उभे करून 25 डॉलर दंड ठोठावण्यात आला. दुपारी त्याचे साथीदार सशस्त्र असल्याची खबर आली, तेव्हा गावचा मार्शल व्हर्जिल अर्प आपल्या दोन भावांना आणि डॉक हॉलिडेला घेऊन त्यांची शस्त्रे काढून घेण्यास निघाला. सुमारे तीस सेकंदांत तीन माणसे मरून पडली. हीच ओ. के. कोरलची जगप्रसिद्ध चकमक! जुने वैर तिच्यामागे होतेच. पण ठिणगी पडली ती शस्त्रबंदीच्या अंमलबजावणीतून. लोकस्मृतीत मात्र मार्शल व्हर्जिल मागे पडला, त्याचा भाऊ वायट नायक झाला. 1955 ते 1961 पर्यंत मालिका चालली ती वायटच्याच नावाने. नगरसभेचा ठराव मात्र कोणाच्याच ध्यानात राहिला नाही.

या मालिका ऐन भरात असताना, 1961 साली, सिनेटर थॉमस डॉड यांच्या उपसमितीने दूरचित्रवाणीवरील हिंसाचार आणि बालगुन्हेगारी यांची चौकशी आरंभिली. हे गृहस्थ कॅथलिक, आणि प्रतिनिधी कनेक्टिकटचे, म्हणजे कोल्ट आणि विंचेस्टर यांच्या कारखान्यांच्या राज्याचे. ऑगस्ट 1963 मध्ये त्यांनीच टपालाने होणाऱ्या पिस्तूलविक्रीस आळा घालणारे विधेयक मांडले. ते समितीत रेंगाळत असताना 22 नोव्हेंबरला राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली. मारेकऱ्याने दुर्बीण लावलेली ती रायफल खोट्या नावाने टपालाने मागविली होती. जाहिरातीतील किंमत 19 डॉलर 95 सेंट. तरीही कायदा व्हायला 22 ऑक्टोबर 1968 उजाडावे लागले. त्यापूर्वी मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांचे बळी पडले. बंदुकांची नोंदणी आणि मालकांना परवाना या राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या मागण्या तर वगळण्यातच आल्या.

केनेडींच्या हत्येनंतर बाराच दिवसांनी, 4 डिसेंबर 1963 रोजी, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने समाजसंपर्क साधनांविषयीचा आदेश प्रसृत केला. दुष्टतेचे चित्रण मानवाचे सखोल ज्ञान करून देऊ शकते, परंतु ते नैतिक मर्यादेत असावे, असे त्यात म्हटले आहे. हा विचार आम्हांला मान्यच आहे. पण 'गनस्मोक'चा दोष त्यात पुरता सापडत नाही, असे आम्हांला वाटते. तेथे दुष्टाला शासन होई, रक्तही फारसे दिसत नसे. दाखविलेल्या गोष्टींपेक्षा न दाखविलेल्या फलकाने अधिक नुकसान केले. शस्त्रबंदी ही शहरी राजकारण्यांची नवी टूम असून सीमेवरच्या आपल्या पूर्वजांना ती ठाऊक नव्हती, अशी समजूत घरोघरी दृढ झाली.

मालिका संपली त्याच वर्षी, सप्टेंबर 1975 मध्ये, अमेरिकन कॅथलिक परिषदेच्या एका समितीने निवेदन काढले आणि पिस्तुलांवर नियंत्रण आणीत अखेर ती समाजातून नाहीशी व्हावीत, अशी मागणी केली. दूरचित्रवाणीवर कायद्याची बाजू ठळकपणे आली ती बऱ्याच उशिरा. 1999 साली सुरू झालेल्या 'द वेस्ट विंग' मालिकेचा राष्ट्राध्यक्ष कॅथलिक आहे. तिच्या एका भागात शस्त्रविषयक विधेयकासाठी पाच मतांची जुळवाजुळव चालते. विधेयक संमत होते, पण इतके दुबळे की मांडणाऱ्यांनाच त्याचा अभिमान वाटत नाही. पुढे राष्ट्राध्यक्षांवर गोळीबार होतो तेव्हा त्यांची प्रवक्ती वार्ताहरांना सांगते, की सर्वोत्तम प्रशिक्षित सशस्त्र रक्षकांच्या गराड्यात असतानाच हे घडले. आमच्या मते या विषयावरचे इतके नेमके वाक्य कोणत्याही पाश्चिमात्य गुराखीकथेत नाही.

23 जून 2022 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 6 विरुद्ध 3 मतांनी न्यूयॉर्क राज्याचा शस्त्रपरवान्याचा जुना निर्बंध रद्द केला. यापुढे असा निर्बंध टिकायचा, तर तो राष्ट्राच्या ऐतिहासिक परंपरेत बसतो हे सरकारने दाखवून दिले पाहिजे, असा दंडक घालण्यात आला. पश्चिमेकडील प्रदेशांत एकोणिसाव्या शतकात झालेले कायदे न्यायालयापुढे आले होते. ते अल्पकाळ टिकले आणि थोड्या लोकसंख्येपुरते होते, म्हणून बहुमताने त्यांना फारसे वजन दिले नाही.