सुपाशेजारचे मूल



गोंदियाचा इतिहास सांगताना रेल्वे, धानाच्या गिरण्या आणि विडीचा धंदा यांचा उल्लेख हटकून होतो. विडी वळणाऱ्या बाईच्या सुपाशेजारी निजलेल्या मुलाचा मात्र होत नाही. आज त्याच्याविषयी बोलावे असे आम्ही योजले आहे.

विडीची मजुरी हजारावर मिळते. हात थांबला की मजुरी थांबली. मूल रडू लागले तरी हजार पुरे करावे लागतात; मग त्याच्या तोंडी पातळ पेज जाते. पोट भरते, अंग भरत नाही. आम्ही वर्षानुवर्षे दरासाठी भांडलो. पण मुलाची वाटी हा त्याच भांडणाचा भाग आहे, हे आम्हांला उशिरा उमगले.

१९६६ साली विडी व सिगार कामगारांचा कायदा झाला. ठराविक संख्येहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यात सहा वर्षांखालील मुलांसाठी खोली हवी, असे त्याने ठरविले. पण विडी तर घरोघरी वळली जात होती! घरच्या कामाला कारखान्याची खोली कोठून मिळणार?

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि पुढे अंगणवाडी गावोगाव पोचली. १५ ऑगस्ट १९९५ पासून शाळकरी मुलांसाठी केंद्राची आहार योजना आली. या मोठ्याच गोष्टी होत. तरी अंगणवाडीत शिजवलेले अन्न मिळते ते तीन वर्षांनंतर. तोवर घरी शिधा येतो, आणि गरिबाघरी तो सर्वांच्या ताटांत वाटला जातो.

ही पहिली वर्षेच मोलाची आहेत. मध्य अमेरिकेतील ग्वाटेमालाच्या चार खेड्यांत १९६९ ते १९७७ या काळात एक प्रयोग झाला. दोन खेड्यांत पौष्टिक पेज दिली, दोन खेड्यांत नुसते गोड पेय. ती मुले मोठी झाल्यावर २००८ साली हिशेब प्रसिद्ध झाला. जन्मापासून दोन वर्षांपर्यंत पेज मिळालेल्या पुरुषांची तासाची मजुरी सुमारे ४६ टक्क्यांनी अधिक निघाली. तिसऱ्या वर्षानंतर पेज मिळालेल्यांत असा फरक दिसला नाही. स्त्रियांच्या मजुरीतही तो आढळला नाही. बाईच्या श्रमाला बाजारात मोल किती, हा प्रश्न त्यातून उरतोच.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच : विडी वळणाऱ्या वस्तीत पाळणाघर हवे, तेथे तान्ह्यानंतरच्या मुलाला दाट, शिजवलेला घास मिळावा, आणि तो भरवण्यापुरती उसंत आईला मिळेल असा हजारी दर असावा. उद्याच्या कामगाराची ताकद आज त्या सुपाशेजारी घडते आहे.