एका इंजिनाच्या मक्तेदारीची गोष्ट

आयटीत दोन-चार वर्षं काढलेल्या कुणालाही 'व्हेंडर लॉक-इन' समजावून सांगावं लागत नाही. डेटाबेस एका कंपनीचा, सपोर्ट तीच देणार आणि रिन्यूअलच्या वेळी रेटही तीच सांगणार. पण निदान आपल्या बाजारात दुसरा डेटाबेस तरी असतो. संरक्षणाच्या बाजारात बऱ्याचदा विकणारा एक आणि घेणाराही एकच. भांडून जाणार कुठे?

अमेरिकेच्या हवाई दलावर 1970च्या दशकात हीच वेळ आली होती. पुढे जे झालं ते 'द ग्रेट इंजिन वॉर' म्हणून ओळखलं जातं.

सुरुवात 1970 साली झाली. एफ-15 या नव्या लढाऊ विमानाच्या इंजिनाचं कंत्राट प्रॅट अँड व्हिटनीने जनरल इलेक्ट्रिकला (जीई) हरवून जिंकलं. इंजिनाचं नाव एफ100. स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ आठपट जोर देणारं, त्या काळाच्या मानाने अफलातून यंत्र! 1975मध्ये एफ-16ची निवड झाली, त्यातही हेच इंजिन. सुटे भाग एकच, ट्रेनिंग एकच. कागदावर हिशोब चोख होता. फक्त आता हवाई दलाची दोन्ही नवी लढाऊ विमानं एकाच कंपनीवर अवलंबून होती.

मग अडचणी सुरू झाल्या. विमान इतकं चपळ होतं की पायलट सतत थ्रॉटल पुढे-मागे करायचे. दर वेळी इंजिन तापणार, थंड होणार आणि धातू थकणार. स्पेक लिहिताना एवढा वापर कुणी धरलाच नव्हता. दुसरं दुखणं जास्त भयंकर होतं. कॉम्प्रेसरमधला हवेचा प्रवाह बिघडायचा आणि इंजिन त्यातून सावरायचंच नाही. उपाय काय, तर इंजिन बंद करून परत चालू करा! आपल्या हेल्पडेस्कचा लाडका सल्ला, पण इथे तो हवेत असताना अमलात आणायचा. एफ-15ला निदान दोन इंजिनं होती. एफ-16ला एकच.

दुरुस्तीचा खर्च कुणाचा? कंपनी म्हणे, इंजिन स्पेकप्रमाणेच आहे, सुधारणा हव्यात तर पैसे द्या. हवाई दल म्हणे, चालत नाही ते इंजिन आम्ही कशाला विकत घेतलं? थोडक्यात, 'बग' की 'चेंज रिक्वेस्ट' हा सनातन वाद :) पण कंपनीला पक्कं माहीत होतं की गिऱ्हाईक कुठेही जाऊ शकत नाही. त्यात 1979मध्ये प्रॅटच्या दोन पुरवठादारांकडे संप झाले. इंजिनंच मिळेनात, त्यामुळे काही एफ-15 विमानं इंजिनाशिवाय ताब्यात घेऊन ठेवून द्यावी लागली.

इथे हवाई दलाने एक शहाणपणाची गोष्ट केली. बी-1 बॉम्बर विमानासाठी जीईने एफ101 नावाचं इंजिन बनवलं होतं. राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी 1977मध्ये बी-1 रद्द केल्यावर ते पोरकं झालं होतं. त्यावरून लढाऊ विमानासाठी इंजिन बनवायला हवाई दलाने 1979मध्ये जीईला मर्यादित पैसे दिले. 1980च्या अखेरीस त्या इंजिनावर एफ-16 उडालंसुद्धा! एकाच कामाला दोनदा पैसे कशाला, ही टीका झालीच. पण आता दुसरा पर्याय खरोखर हवेत उडत होता.

फेब्रुवारी 1984मध्ये निकाल लागला. त्या वर्षीच्या 160 इंजिनांपैकी 120 जीईला आणि 40 प्रॅटला. बोली नुसत्या इंजिनाच्या किमतीवर नव्हती, त्यात वॉरंटी आणि पुढची काही वर्षं लागणारे सुटे भागही होते. मला यातले ते 40 जास्त महत्त्वाचे वाटतात. प्रॅटला हाकलून दिलं असतं तर हवाई दल जीईच्या तावडीत सापडलं असतं. त्याऐवजी दर वर्षी हिस्सा नव्याने ठरू लागला.

प्रॅटचं सुधारित एफ100-220 डिजिटल कंट्रोल घेऊन आलं. ते टिकाऊ होतं, आणि मुख्य म्हणजे भर उड्डाणात दगा देणारं नव्हतं. त्यातल्या सुधारणांवर काम आधीपासून चालू होतं आणि बराच पैसा हवाई दलाचाच होता, हेही खरं. पण स्पर्धक दारात उभा राहिल्यावर कामाला घाई आली.

हे सगळं फुकट झालं नाही. दोन्हींपैकी कुठलंही इंजिन बसेल अशी जागा एफ-16मध्ये नव्याने आखावी लागली. म्हणून ब्लॉक 30 जीईचं आणि ब्लॉक 32 प्रॅटचं, शेवटचा आकडा बघून ओळखा. जीईच्या इंजिनाला हवा जास्त लागते म्हणून त्याचं तोंडही मोठं करावं लागलं. म्हणजे भांडार दोन, ट्रेनिंग दोन.

हाच खर्च पुढे डोळ्यात खुपला. एफ-35 विमानासाठी जीई आणि रोल्स-रॉईस मिळून एफ136 हे पर्यायी इंजिन बनवत होते. 2011मध्ये पेंटागॉनने ते रद्द केलं. एफ-35 पुन्हा प्रॅटच्या एकाच इंजिनावर आलं.

आणि आपण? तेजस मार्क-1एसाठी एचएएलने 2021मध्ये जीईकडून 99 एफ404 इंजिनं मागवली. पण या इंजिनाची प्रॉडक्शन लाइन काही वर्षं बंद पडलेली होती. ती आणि तिचे पुरवठादार पुन्हा उभे करण्यात वेळ गेला, आणि पहिलं इंजिन आलं मार्च 2025मध्ये. ऑक्टोबर 2025मध्ये नाशिकच्या कारखान्यातून पहिलं मार्क-1ए उडालं, त्याचं कौतुक आहेच. पण तोवर इंजिनासाठी ताटकळत बसण्यापलीकडे आपल्या हातात फारसं काही नव्हतं. दंडाची कलमं कंत्राटात असतात, पण एकुलत्या पुरवठादाराला दंड करून इंजिन लवकर येत नाही. नोव्हेंबर 2025मध्ये आपण जीईकडेच आणखी 113 इंजिनांची ऑर्डर दिली. दुसरं कुणाला देणार होतो? तेजससाठी सुरू केलेलं आपलं कावेरी इंजिन त्या विमानात कधी बसलंच नाही.

पर्याय तयार व्हायला वर्षं लागतात, आणि त्यासाठी पैसे गरज पडायच्या खूप आधी, लोकांची टीका झेलत मोजावे लागतात. हवाई दलाने ते 1979मध्ये मोजले, म्हणून 1984मध्ये त्यांना निवड करता आली.