कोंबड्याचा तुरा आणि डुकराची पिले

फराळाच्या ताटाशी वृषणाची गोष्ट काढतो म्हणून वाचकांनी रागावू नये. १८४९ साली जर्मनीतल्या ग्योटिंगेन गावी बेर्टोल्डने सहा कोंबडे घेतले. खच्ची केलेल्यांचा तुरा खुरटला. ज्यांच्या पोटात वृषण पुन्हा ठेवले ते मात्र आरवू लागले, भांडू लागले. मज्जातंतू तर तुटलेले! तेव्हा निरोप रक्तातूनच जातो, हे त्याने ताडले. पुढे कित्येक दशके त्याची फारशी कोणी दखल घेतली नाही, याची मला चुटपूट लागते. दुसऱ्याच वर्षी लायडिगला वृषणातल्या त्या पेशी दिसल्या. १९३५ मध्ये वळूंच्या वृषणांतून टेस्टोस्टेरॉन हाती आले. १९८०च्या दशकात डुकराच्या पिलांच्या लायडिग-पेशी काचपात्रात वाढवल्या, तेव्हा मेंदूखालच्या ग्रंथीचा हुकूम एकटाच कारभार पाहत नाही, असे दिसले. वृषणातच तयार होणारा इन्सुलिनसारखा वृद्धिघटक जवळ असला, की त्याच हुकुमाने पेशी अधिक हार्मोन बनवतात.