स्वस्तातली झोंबी

कोल्हापूरच्या माणसाला ‘झोंबी’ हा शब्द कुणी शिकवायला नको. शाहू महाराजांनी १९१२ साली खासबागेचं मैदान बांधलं, तेव्हापासून आमची पोरं तिथल्या तांबड्या मातीत झोंबी घेत आली आहेत. झणझणीत रस्सा ओरपल्यावर नाकाडोळ्यांतून पाणी काढत जिभेला जे होतं, त्याचं क्रियापदही हेच. शिवाय कागलच्या आनंद यादवांनी आपल्या लहानपणावर १९८७ साली कादंबरी लिहिली, तिचं नावही ‘झोंबी’. तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. म्हणजे माती, मिरची आणि साहित्य या तिन्ही क्षेत्रांत हा शब्द आमच्या जिल्ह्याच्या नावावर जमा आहे. अशा स्थितीत कुणी परदेशी मनुष्य मरून, उठून, हात पुढं करून चालायला लागतो आणि ‘मी झोंबी’ म्हणतो, तेव्हा घोटाळा व्हायचाच.

तो २०२२ साली झालाच. ‘झोंबिवली’ हा मराठी चित्रपट लागला आणि आमच्या शेजारचे अण्णा तो कुस्तीवरचा समजून तिकीट काढून बसले. अण्णांची हयात शाहूपुरीच्या गुळाच्या पेठेत गेलेली. मध्यंतरात त्यांनी मला गंभीरपणे सांगितलं, “पैलवान लई मेल्यागत चालत्यात ओ. खुराक कमी पडतोय पोरांस्नी.” मी म्हटलं, “अण्णा, ते मेलेलेच आहेत.” अण्णा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “मग राबत्यात कशाला?”

अण्णांना कल्पना नव्हती, पण झोंबीच्या इतिहासातला सगळ्यांत खरा प्रश्न त्यांनी विचारला होता. कारण झोंबीचा जन्म स्मशानात झालेला नाही. तो झालाय उसाच्या फडात.

हैती नावाचा देश आहे. तिथं फ्रेंचांचे उसाचे मळे होते आणि त्यांत आफ्रिकेतून धरून आणलेले गुलाम राबत. १७९१ साली त्यांनी बंड केलं आणि १८०४ साली देश स्वतंत्र केला. पण जुनी धास्ती गोष्टींत उरली. गुलामाला एकच आशा असते, की मेल्यावर तरी सुटका होईल. त्या आशेवरही पाणी पडलं तर? मांत्रिकानं मढं उठवून परत मळ्यावर जुंपलं तर? हीच झोंबी. आपल्याकडच्या भुताला लोक भितात ते भूत आपल्याला धरील म्हणून. हैतीतला माणूस झोंबीला भीत नव्हता, आपण झोंबी होऊ याला भीत होता. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

विल्यम सीब्रूक नावाच्या अमेरिकन लेखकानं १९२९ साली हैतीवर पुस्तक लिहिलं. त्यात त्यानं उसाच्या मळ्यात राबणाऱ्या मेलेल्या माणसांची गोष्ट सांगितली. तिच्यात एक पथ्य आहे: झोंबीला अळणी खायला घालायचं. मिठाचा कण पोटात गेला की त्याला आपण मेल्याची आठवण होते आणि तो उठून थेट आपल्या थडग्याची वाट धरतो. त्या गोष्टीत एका दयाळू बाईनं त्यांना खाऊ दिला, त्यात मीठ होतं, आणि सगळी टोळी काम टाकून चालती झाली. मी हे अण्णांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे आपल्या गुऱ्हाळावर ह्यो धंदा चालायचा न्हाई. हितं भाकरीसंगं खर्डा असतोय.” खर्ड्यात मीठ असतं आणि झोंबणंही असतं, म्हणजे औषधावर औषध.

पुस्तकानंतर तीन वर्षांनी, १९३२ साली, ‘व्हाइट झोंबी’ हा चित्रपट आला. झोंबीचा पहिला मोठा चित्रपट हाच मानतात. पैसे बेताचे, सेट दुसऱ्यांच्या चित्रपटांतले मागून आणलेले आणि सगळं चित्रीकरण दोनेक आठवड्यांत गुंडाळलेलं. पण त्यात साखरेच्या गिरणीचा एक प्रसंग आहे. मेलेली माणसं चरक फिरवताहेत, त्यातला एक तोल जाऊन आत पडतो आणि बाकीचे थांबतसुद्धा नाहीत. चरक कुरकुरत फिरतच राहतो. रक्ताचा थेंब नाही, किंकाळी नाही. गुऱ्हाळाच्या चरकात हात सापडलेला माणूस ज्यानं पाहिला आहे, त्याला त्या कुरकुरीपुढं दुसरी भीती दाखवायची गरज नाही. स्वस्त चित्रपटाचा हा पहिला गुण. पैसे नसले की दाखवता येत नाही, आणि दाखवता आलं नाही की ऐकवावं लागतं.

आता आपल्याकडं ही जात आधी का पोचली नाही, तर त्याला कारण आहे. आपल्याकडं भुतांचा दुष्काळ कधीच नव्हता. मुंजा आहे, हडळ आहे, समंध आहे, खवीस आहे, झोटिंग आहे, वाट चुकवणारा चकवा आहे. पण ही मंडळी बहुधा देहावाचून वावरणारी. पुरण्याची चाल असलेले समाज आपल्यात आहेतच, तरी गोष्टीतलं भूत राहतं पिंपळावर, नाहीतर विहिरीत. देह जाळून टाकल्यावर उठायचं तरी काय घेऊन? त्यातल्या त्यात जवळचा नातेवाईक म्हणजे वेताळ. तो झाडाला लटकलेल्या प्रेतात शिरतो आणि विक्रमाच्या खांद्यावर बसतो. पण तो गोष्टी सांगतो, कोडी घालतो आणि न्यायनिवाडा मागतो. परदेशी झोंबी मेंदू खातो. आपला वेताळ नुसता पिकवतो.

नव्या झोंबीचा बाप जॉर्ज रोमेरो. पिट्सबर्ग गावात जाहिरातपट करणाऱ्या त्याच्या टोळक्यानं १९६८ साली ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ काढला. खर्च सुमारे एक लाख चौदा हजार डॉलर, म्हणजे हॉलिवूडच्या हिशेबात चहापाण्याचा. आधी मित्रमंडळींनी वर्गणी काढली. वर्गणीदारांत एक खाटीक होता, त्यामुळं आतड्याकोथळ्याची सोय झाली. चित्रपट कृष्णधवल, त्यामुळं चॉकलेटचं सरबत रक्त म्हणून खपलं. पुढं वितरकानं चित्रपटाचं नाव बदललं आणि त्या गडबडीत पाटीवरची मालकी हक्काची ओळ गळाली. त्या काळच्या कायद्यानं चित्रपट जगाच्या मालकीचा झाला. ज्यांनी काढला त्यांना मिळायला हवं तेवढं मिळालं नाही, पण फुकट दाखवता येतो म्हणून तो सगळीकडं पोचला. चित्रपटात झोंबी हा शब्द कुणी उच्चारत नाही, ही आणखी गंमत.

पण त्याचा शेवट गमतीचा नाही. रात्रभर मढ्यांशी लढून वाचलेला नायक काळा माणूस आहे. सकाळी सुटका करायला आलेली गोऱ्यांची टोळी त्यालाच झोंबी समजून गोळी घालते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंगची हत्या झाली होती. कोटी कोटी डॉलर ओतणाऱ्या कुठल्या स्टुडिओनं हा शेवट ठेवू दिला असता? थोडा गोड करा, नायिका वाचवा, असं सांगायला दहा माणसं आली असती. स्वस्त चित्रपटाचा हा दुसरा गुण. ज्याचे पैसे थोडे, त्याचे मालक थोडे.

आपल्याकडं मढं उठवण्याचा मान रामसे बंधूंचा. वडील फाळणीनंतर कराचीहून मुंबईला आलेले रेडिओचे दुकानदार, मुलगे सात. १९७० साली वडिलांचा ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ आपटला. पण त्यात पृथ्वीराज कपूर राक्षसी मुखवटा घालून चोरी करतात, तेवढ्या प्रसंगाला थेटरात लोक सावरून बसत, हे तुलसी आणि श्याम या भावांनी टिपलं. आपटलेल्या चित्रपटातून इतकं नेमकं शिकणारी माणसं विरळा. मग १९७२ साली ‘दो गज जमीन के नीचे’ निघाला. बायकोनं मारून पुरलेला नवरा जमिनीतून वर येतो, एवढी गोष्ट. खर्च सुमारे साडेतीन लाख. सगळं बिऱ्हाड घेऊन मंडळी महाबळेश्वरला गेली. एक भाऊ कॅमेऱ्यावर, एक ध्वनीवर, एक संकलनावर, एक लिखाणावर, दोघं दिग्दर्शनाला आणि स्वयंपाक घरच्या बायकांचा. आमच्याकडं हळदीकुंकू असलं तरी एवढं काटेकोर खातेवाटप होत नाही.

मी त्यांचा ‘पुराना मंदिर’ १९८४ साली आमच्याच गावच्या एका टॉकीजमध्ये पाहिला. मोहनीश बहल नायक, पण लोक आले होते सामरीसाठी. सामरी म्हणजे अनिरुद्ध अगरवाल. उंच, हाडाडलेला चेहरा, त्याला मुखवटा लावला काय नि न लावला काय, एकूण एकच. हवेलीचं दार करकरलं आणि नेमके दिवे गेले. पडदा काळा, पंखे बंद, काळोखात चारपाचशे माणसं. कुणी श्वास घेईना. तेवढ्यात पिटातून आवाज आला, “घाबरू नका रं, आत्ता खरा पिच्चर सुरू झालाय!” सगळं थेटर हसलं. पण माझ्या शेजारी बसलेल्या अनोळखी बाप्यानं माझं मनगट पकडलं होतं, ते दिवे आल्यावरच सोडलं. मीही सोडवून घ्यायची घाई केली नव्हती.

दोष सांगायचे तर यादी खासबागेच्या रांगेएवढी होईल. मुखवटा रबरी असतो आणि ओठ हलत नाहीत. धूर एकाच कोपऱ्यातून येतो आणि त्यामागं माणूस आहे हे कळतं. नायिकेला आंघोळ नेमकी अमावास्येलाच आठवते. अडीच तास भरायचे म्हणून मध्येच जगदीप मच्छरसिंग होऊन ‘शोले’ची नक्कल करून जातो, तोवर सामरी बिचारा ताटकळतो. शेवटी त्रिशूळ आला की दोनशे वर्षांचं वैर दोन मिनिटांत मिटतं. आणि सगळ्यांत मोठा दोष म्हणजे यश. एक मढं चाललं की तेच परत उठवायचं. ‘वीराना’ १९८८, ‘पुरानी हवेली’ १९८९, ‘बंद दरवाजा’ १९९०. गोष्टी वेगळ्या, दार करकरण्याचा सूर तोच. झोंबीला मेंदू नसतो हे खरं. पण पुढंपुढं त्याच्या निर्मात्यालाही तो वापरावासा वाटेना.

तरीसुद्धा या धंद्याला नाकं मुरडणाऱ्यांना मी कोल्हापूरची आठवण करून देतो. बाबूराव मेस्त्री ऊर्फ बाबूराव पेंटर यांच्यापाशी काय होतं? कॅमेरासुद्धा नव्हता. तो त्यांनी इथंच, खटपट करून, सहकाऱ्यांच्या मदतीनं बनवला. गायिका तानीबाई कागलकरांनी पैसे दिले आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. १९२० साली ‘सैरंध्री’ आला. त्यात भीम कीचकाचं मुंडकं उडवतो. तो प्रसंग इतका हुबेहूब वठला की पाहणाऱ्यांना भोवळ आली आणि पुढं तो कापावा लागला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमाकेसरी’ म्हटलं. म्हणजे मढ्यांचे चित्रपट पाहून लोक बिघडतात म्हणून कपाळाला आठ्या घालणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं, की आपल्या चित्रपटकलेच्या पहिल्या मोठ्या शाबासकीत एका उडालेल्या मुंडक्याचाही वाटा आहे.

त्या घरगुती कॅमेऱ्याच्या छायेतून दामले, फत्तेलाल, शांताराम घडले. १९२९ साली त्यांनी इथंच ‘प्रभात’ काढली आणि १९३३ साली ती पुण्याला नेली. भालजींचा जयप्रभा स्टुडिओ १९४८ च्या जाळपोळीत राख झाला, तो त्यांनी पुन्हा उभा केला. आज गावात चित्रपटाच्या आठवणी पुष्कळ आणि चित्रपट थोडे. कधी कधी वाटतं, आम्हीच आठवणींना अळणी खायला घालून चालतं ठेवलं आहे. मोठं बजेट येईल, मोठा निर्माता येईल, मग बघू, असं म्हणत आमच्या दोन पिढ्या कट्ट्यावर म्हाताऱ्या झाल्या. बाबूराव बजेटची वाट बघत बसले असते तर कीचक अजून जिवंत असता.

म्हणून ‘झोंबिवली’चं मला अप्रूप. तो काही महाबळेश्वरच्या बिऱ्हाडाइतका स्वस्त नसावा. पण त्याचे दिग्दर्शक आदित्य सरपोतदार, आणि त्यांच्या घराण्यातले नानासाहेब सरपोतदार मूकपटांच्या काळात बाबूरावांच्या कंपनीत काम करून गेलेले. त्यात डोंबिवलीच्या टोलेजंग इमारती आहेत, खाली वस्ती आहे, आणि भांडण आहे पाण्याचं. वरच्यांना पुरेसं, खालच्यांना नासकं. रोग कुठून सुरू होतो आणि दोष कुणाच्या माथी जातो, हे सांगायला नको. हैतीच्या फडातून निघालेली गोष्ट शंभर वर्षं फिरून लोकल गाडीनं डोंबिवलीला उतरली, तरी तिचा सवाल बदललेला नाही. मेलेली माणसं राबतात कशाला?

अण्णांना मी हे सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, खिशातून पुडी काढली आणि पुढं केली.

“खारे शेंगदाणे हायत,” ते म्हणाले. “खावा. बघू तर, उठून चालायला लागताय का.”